अग्निपर्वतावरचे फूल

मेक्सिको देशाच्या मध्यभागातून ज्वालामुखी पर्वतांची एक लांब रांग पूर्व-पश्चिम गेलेली आहे. या रांगेतील आणि तिच्या आसपासच्या डोंगरांतील ओलसर उतारांवर, शेवाळाने माखलेल्या खडकांच्या कडेला एक लहानसे रोप उगवते. त्याची पाने जमिनीलगत चक्राकार पसरलेली असतात. त्यांच्या मधून एक बारीक देठ वर येतो आणि त्याच्या टोकावर जांभळट गुलाबी रंगाचे फूल डुलते. पानांवर कोणी तुपाचा हात फिरवला असावा, अशी ती चकचकीत दिसतात. मात्र वाकून जवळून पाहिले, की या सौम्य रूपामागील वेगळीच गोष्ट दिसू लागते. त्या चकचकीत पानांना बारीक बारीक कीटक चिकटलेले असतात. त्यांतील काही तडफडत असतात, तर काहींचे नुसते सांगाडेच उरलेले असतात.

या रोपाचे शास्त्रीय नाव पिंग्विक्युला मोरानेन्सिस असे आहे. मोरान हे मेक्सिकोतील एका चांदीच्या खाणीचे नाव आहे. त्या खाणीच्या परिसरातून १८०३ साली हे रोप दोन प्रवाशांनी गोळा केले. त्यांपैकी एक होते फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एमे बोंप्लां आणि दुसरे होते जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हंबोल्ट. ज्वालामुखींच्या उतारांवर चढून वनस्पतींचा शोध घेणाऱ्या आणि त्या शोधातून निसर्गाकडे पाहण्याची एक नवी दृष्टी जगाला देणाऱ्या हंबोल्ट यांचे हे चरित्र आहे.

अलेक्झांडर यांचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी बर्लिन शहरात एका श्रीमंत, खानदानी कुटुंबात झाला. वडील प्रशियाच्या सैन्यात अधिकारी होते. अलेक्झांडर नऊ वर्षांचा असतानाच ते वारले. आई शिस्तप्रिय आणि अबोल होती. आपल्या दोन्ही मुलांनी उत्तम शिक्षण घेऊन सरकारी सेवेत मोठे पद मिळवावे, एवढीच तिची इच्छा होती. थोरला भाऊ विल्हेल्म अभ्यासात अत्यंत हुशार होता. पुढे तो थोर भाषाशास्त्रज्ञ झाला. त्याच्या तुलनेत धाकटा अलेक्झांडर मंद समजला जाई. त्याचे मन पुस्तकांपेक्षा घराभोवतीच्या रानात अधिक रमे. फुले, किडे, शंख, दगड यांनी खिसे भरून तो घरी येई. घरातील माणसे त्याला थट्टेने छोटा औषधविक्या म्हणत. ज्या मुलाला मंद ठरवले गेले, त्याच्या खिशांतील त्या वस्तूंतच त्याच्या भावी आयुष्याची दिशा होती, हे तेव्हा कोणाच्याही ध्यानात आले नाही.

तरुणपणी आईच्या इच्छेला मान देऊन हंबोल्ट यांनी खाणविद्येचे शिक्षण घेतले. फ्रायबर्ग येथील प्रसिद्ध खाण विद्यालयात आब्राहाम व्हेर्नर हे त्यांचे गुरू होते. पृथ्वीवरील बहुतेक खडक प्राचीन महासागराच्या पाण्यातून साचत साचत तयार झाले, असे व्हेर्नर यांचे मत होते. ज्वालामुखी म्हणजे जमिनीखालच्या कोळशाच्या थरांना लागलेली आग. पृथ्वीच्या घडणीत तिचे महत्त्व फारसे नाही, असे ते शिकवीत. हंबोल्ट यांनीही सुरुवातीला हेच मत स्वीकारले होते.

१७९२ साली ते खाणींचे सरकारी निरीक्षक झाले. पद मानाचे होते. परंतु खाणीतील कामगारांचे जीवन त्यांना अस्वस्थ करू लागले. अंधारात, विषारी वायूंच्या सान्निध्यात काम करणाऱ्या या माणसांना आपण काय खणतो आणि कोणत्या धोक्यात उभे आहोत, याचे साधे ज्ञानही कोणी दिलेले नव्हते. हंबोल्ट यांनी १७९३ साली श्टेबेन या गावी खाणकामगारांसाठी एक मोफत शाळा सुरू केली. आरंभीचा खर्च त्यांनी स्वतःच्या खिशातून केला. तेथे लेखन, अंकगणित, खडक व खनिजांची ओळख आणि खाणीसंबंधीचे कायदे शिकवले जात. मुलांबरोबर वयाने मोठे कामगारही तेथे येऊन बसत. शिकण्याचे वय निघून गेले, असे हंबोल्ट यांनी कोणालाही कधी म्हटले नाही. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी त्यांनी एक विशेष दिवा आणि श्वसनाचे एक साधनही तयार केले. त्या दिव्याची चाचणी घेताना ते स्वतः खाणीत बेशुद्ध पडले होते. वेळीच बाहेर काढले गेल्यामुळे त्यांचे प्राण वाचले.

१७९६ साली आईचे निधन झाले आणि वारसाहक्काने मोठी संपत्ती हंबोल्ट यांच्या हाती आली. या पैशात ते आयुष्यभर ऐषारामात राहू शकले असते. त्यांनी मात्र नोकरी सोडली आणि सर्व संपत्ती प्रवास व संशोधन यांसाठी खर्च करण्याचा निश्चय केला. पॅरिसमध्ये त्यांची बोंप्लां यांच्याशी भेट झाली. दोघांचे स्वभाव जुळले. बोंप्लां यांचे वनस्पतींचे ज्ञान सखोल होते. हंबोल्ट यांना प्रत्येक गोष्ट मोजण्याची ओढ होती. अनेक बेत फिसकटल्यावर अखेर स्पेनच्या राजाने त्यांना आपल्या अमेरिकेतील वसाहतींत फिरण्याचा परवाना दिला. ५ जून १७९९ रोजी दोघे स्पेनच्या किनाऱ्यावरून निघाले. बरोबर वायुदाबमापक, तापमापक, दुर्बिणी, होकायंत्रे, एवढेच नव्हे तर आकाशाच्या निळेपणाची छटा मोजण्याचे साधनही होते.

वाटेत टेनेरिफ बेटावर त्यांचे जहाज थोडे दिवस थांबले. या बेटावर तेईदे नावाचा ३,७०० मीटरांहून अधिक उंचीचा ज्वालामुखी आहे. हंबोल्ट त्याच्या माथ्यापर्यंत चढले. चढताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. पायथ्याशी द्राक्षांचे मळे होते. त्यांच्या वर सदाहरित वृक्षांची वने, त्यांच्या वर पाइनची झाडे, नंतर काटक झुडपे, मग विरळ गवत आणि शेवटी उघडा खडक, असे जणू एकावर एक पट्टे त्या पर्वताला गुंडाळलेले होते. एका दिवसाच्या चढणीत त्यांनी उष्ण प्रदेशातून थंड प्रदेशात प्रवास केला होता. वनस्पती कोठेही आणि कशाही उगवत नाहीत; उंची, तापमान, ओलावा आणि माती यांच्याशी त्यांचे घट्ट नाते असते, या विचाराचा पुरावा त्यांना येथे डोळ्यांनी दिसला.

जुलै १७९९ मध्ये ते आजच्या व्हेनेझुएलातील कुमाना या गावी उतरले. पुढील पाच वर्षे त्यांनी ओरिनोको नदीच्या घनदाट अरण्यापासून अँडीज पर्वताच्या हिमशिखरांपर्यंत प्रवास केला. वनस्पतींचा संग्रह करणे हे तेव्हा अत्यंत कष्टाचे काम होते. प्रत्येक रोप कागदांत दाबून वाळवावे लागे. दमट हवेने कागद कुजत, वाळवी आणि किडे महिन्यांचे श्रम फस्त करीत. ओरिनोकोच्या प्रवासात जमवलेल्या नमुन्यांचा मोठा भाग असा नष्ट झाला. म्हणून ते शक्य तेव्हा नमुन्यांचे अनेक संच करीत आणि वेगवेगळ्या जहाजांनी युरोपला पाठवीत. ही सावधगिरी सार्थ ठरली. कारण त्यांतील एक जहाज खरोखरच बुडाले. प्रत्येक नमुन्याबरोबर तो कोठे सापडला, तेथील उंची किती आणि हवा कशी होती, याची नोंद शक्यतो ठेवली जाई. इतर संग्राहकांना रोप मिळाले की पुरे वाटे. हंबोल्ट यांच्या दृष्टीने रोपाइतकेच त्याचे ठिकाणही महत्त्वाचे होते.

१८०२ च्या प्रारंभी ते आजच्या इक्वेडोरची राजधानी असलेल्या कीटो शहरात पोहोचले. या शहराच्या दोन्ही बाजूंना ज्वालामुखी पर्वतांच्या ओळी उभ्या आहेत. त्यांपैकी पिचिंचा, आंतिसाना, कोतोपाक्सी आणि चिंबोराझो या पर्वतांवर ते एकामागून एक चढू लागले. पिचिंचाच्या विवरावर पुढे आलेल्या एका खडकावर पालथे पडून त्यांनी आत पाहिले. खोल काळोखात निळसर ज्वाला हलत होत्या आणि त्यांच्या अंगाखालचा खडक भूकंपाच्या धक्क्यांनी थरथरत होता. त्या दिवसांत शहरातही धक्के जाणवले. तेव्हा या परदेशी माणसाने विवरात दारू टाकून पर्वताला डिवचले, अशी वदंता लोकांत पसरली.

२३ जून १८०२ रोजी हंबोल्ट, बोंप्लां, कीटोचा तरुण कार्लोस मोंतुफार आणि एक स्थानिक सोबती चिंबोराझोवर चढू लागले. हा पर्वत तेव्हा जगातील सर्वांत उंच मानला जात असे. हिमरेषेपाशी सामान वाहणारी बहुतेक माणसे मागे फिरली. वाट काही ठिकाणी केवळ वीतभर रुंदीच्या कड्यावरून जात होती. एका बाजूला निसरडे बर्फ आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी होती. विरळ हवेमुळे श्वास लागत होता, डोके गरगरत होते, हिरड्यांतून रक्त येत होते. तशाही स्थितीत हंबोल्ट मधूनमधून थांबून गोठलेल्या बोटांनी वायुदाबमापक लावीत आणि उंची काढीत. फुलझाडे केव्हाच मागे पडली होती. खडकाला चिकटलेली दगडफुले तेवढी काही काळ सोबत करीत राहिली; पुढे तीही दिसेनाशी झाली. सुमारे ५,९०० मीटर उंचीवर एका रुंद भेगेने त्यांची वाट अडवली. शिखर गाठता आले नाही. परंतु युरोपातील कोणताही शास्त्रज्ञ त्यापूर्वी इतक्या उंच पर्वतावर चढल्याची नोंद नव्हती.

शिखर हुकले तरी एक मोठी गोष्ट हाती लागली. खाली उतरल्यावर, १८०३ च्या आरंभी ग्वायाकिल बंदरात, हंबोल्ट यांनी एक चित्र रेखाटायला घेतले. त्यात पर्वताचा उभा छेद दाखवलेला होता आणि प्रत्येक उंचीवर तेथे वाढणाऱ्या वनस्पतींची नावे लिहिली होती. पुढे छापलेल्या चित्राच्या दोन्ही बाजूंच्या रकान्यांत त्या त्या उंचीचे तापमान, हवेचा दाब, आर्द्रता आणि पिके यांची माहिती होती. वनस्पती, हवा, खडक आणि माणूस ही सर्व एकाच जाळ्याचे धागे आहेत, हे या एका चित्रातून दिसत होते. १८०७ साली वनस्पतींच्या भूगोलावरील निबंधासोबत ते प्रसिद्ध झाले. वनस्पती-भूगोल या शास्त्रशाखेचा पाया या निबंधाने घातला.

मार्च १८०३ मध्ये हंबोल्ट समुद्रमार्गे मेक्सिकोला आले. मे महिन्यात त्यांनी पाचुका आणि रेआल देल मोंते येथील चांदीच्या खाणी पाहिल्या. हे डोंगर प्राचीन ज्वालामुखींच्या शिलारसातून बनलेले आहेत. मोरान ही खाण याच परिसरात, समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे. येथे त्यांना आपले तरुणपण आठवणे स्वाभाविक होते. मेक्सिकोच्या खाणींतील मजूर पाठीवर खनिजाची जड ओझी घेऊन शेकडो पायऱ्या चढत-उतरत. त्यांच्या श्रमांचे हंबोल्ट यांनी मेक्सिकोवरील आपल्या ग्रंथात सविस्तर वर्णन केले आहे. खाणीभोवतीच्या थंड, ओल्या उतारांवर दोघांनी वनस्पती गोळा केल्या. त्यांतच चकचकीत पानांचे ते लहान रोप होते. पिंग्विक्युला हा वनस्पतींचा गट युरोपात आधीपासून माहीत होता. त्यामुळे रोपाचे कुळ ओळखता येत होते. पण त्या पानांना चिकटलेले कीटक हे त्याचे अन्न आहे, हे तोवर कोणीही सिद्ध केलेले नव्हते. व्हीनस फ्लायट्रॅप या अमेरिकन वनस्पतीविषयी तशी शंका एका इंग्रज अभ्यासकाने हंबोल्ट यांच्या जन्माच्याच वर्षी बोलून दाखवली होती. मात्र त्या काळचे सर्वश्रेष्ठ वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयस यांनी ती मानली नाही. वनस्पतींनी प्राण्यांना खावे, ही कल्पनाच तेव्हा निसर्गाच्या व्यवस्थेविरुद्ध वाटे.

सप्टेंबर १८०३ मध्ये हंबोल्ट होरुयो या ज्वालामुखीवर गेले. हा पर्वत त्यांच्यापेक्षा केवळ दहा वर्षांनी मोठा होता. १७५९ साली ऊस आणि निळीच्या शेतांतून जमीन फाटून तो वर आला होता. हंबोल्ट त्याच्या विवरात उतरले आणि तेथील उष्णता त्यांनी मोजली. मेक्सिकोतील ज्वालामुखी एका रेषेत उभे आहेत, ही गोष्टही त्यांनी नोंदवली. कोळशाचे थर पेटल्याने असे घडणे शक्य नव्हते. त्यामागे पृथ्वीच्या पोटातील खोल, विस्तृत शक्ती असली पाहिजे, असे त्यांना पटले. ज्या गुरूंविषयी त्यांना नितांत आदर होता, त्यांचे मत त्यांनी पुराव्यापुढे बाजूला ठेवले.

ऑगस्ट १८०४ मध्ये हंबोल्ट आणि बोंप्लां युरोपला परतले. बरोबर सुमारे ६,००० जातींच्या वनस्पतींचे साठ हजारांच्या आसपास नमुने होते. त्यांचे वर्णन करून ते प्रसिद्ध करण्यास कित्येक वर्षे लागली. बोंप्लां यांना पुस्तकी कामात रस नव्हता. ते पुन्हा दक्षिण अमेरिकेत गेले आणि पाराग्वेच्या हुकूमशहाने त्यांना जवळजवळ नऊ वर्षे अडकवून ठेवले. त्यांच्या सुटकेसाठी हंबोल्ट सतत खटपट करीत राहिले. वनस्पतींचे उरलेले काम कार्ल कुंथ या तरुण शास्त्रज्ञाने हाती घेतले. बालपणी हंबोल्ट यांना शिकवणाऱ्या शिक्षकांचाच तो पुतण्या होता. या वनस्पतींवरील सात खंडांच्या ग्रंथात १८१८ च्या सुमारास मोरानच्या त्या रोपाला नाव मिळाले. अँडीजच्या थंड उंचीवर सापडलेल्या पिंग्विक्युला कॅलिप्ट्राटा या तिच्या बहिणीचे वर्णनही त्यातच आहे.

हंबोल्ट यांची कीर्ती युरोपभर पसरली. पण त्यांचे समाधान झालेले नव्हते. त्यांना भारतात येऊन हिमालय पाहावयाचा होता. अँडीजमधील वनस्पतींच्या पट्ट्यांची हिमालयातील पट्ट्यांशी तुलना करावी, ही त्यांची मोठी इच्छा होती. त्यासाठी ते लंडनला गेले, अनेक वर्षे विनंत्या करीत राहिले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना परवानगी दिली नाही. अमेरिकेतील स्पॅनिश राजवटीचे अन्याय त्यांनी आपल्या ग्रंथांत उघड केले होते. आपल्या राज्याविषयीही ते असेच लिहितील, ही भीती बहुधा कंपनीला वाटली असावी. भारत त्यांनी कधीच पाहिला नाही. १८२९ साली वयाच्या साठाव्या वर्षी त्यांनी रशियाचा दीर्घ प्रवास केला आणि अल्ताई पर्वतापर्यंत मजल मारली. हिमालय मात्र दूरच राहिला.

अन्यायाविषयी गप्प राहणे त्यांना खरोखरच जमले नाही. कुमाना येथे त्यांच्या घरासमोरच्या चौकात गुलामांचा बाजार भरत असे. विकत घेणारे लोक माणसांचे दात तपासून त्यांची किंमत ठरवीत. ते दृश्य ते कधी विसरले नाहीत. क्यूबावरील ग्रंथात त्यांनी गुलामगिरीचा कठोर शब्दांत निषेध केला. १८५६ साली अमेरिकेत या ग्रंथाचे भाषांतर करताना गुलामगिरीवरील प्रकरण गाळण्यात आले, तेव्हा वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांनी त्याविरुद्ध वृत्तपत्रांतून जाहीर निषेध नोंदवला.

ज्ञान थोड्यांपुरते राहू नये, असेही त्यांना वाटे. १८२७-२८ च्या हिवाळ्यात त्यांनी बर्लिनमध्ये विद्यापीठातील व्याख्यानांखेरीज सर्वांसाठी मोफत व्याख्यानमाला दिली. राजघराण्यातील मंडळींपासून कारागिरांपर्यंत सर्व थरांतील लोक ती ऐकायला येत. विद्यापीठाची दारे स्त्रियांना तेव्हा बंद होती. येथे मात्र त्या मोठ्या संख्येने उपस्थित असत. या व्याख्यानांतूनच त्यांच्या कॉसमॉस या महाग्रंथाची कल्पना वाढीस लागली. त्याचा पहिला खंड १८४५ साली, त्यांच्या पंचाहत्तरीत प्रसिद्ध झाला. तोवर त्यांची वडिलोपार्जित संपत्ती प्रवास आणि ग्रंथप्रकाशन यांत संपून गेली होती. राजाकडून मिळणाऱ्या वेतनावर ते राहत आणि त्यातूनही होतकरू तरुण शास्त्रज्ञांना मदत करीत. ६ मे १८५९ रोजी बर्लिन येथे वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मोरानच्या रोपाचे रहस्य तेव्हाही उलगडलेले नव्हते. ते उलगडणारी माणसे मात्र हंबोल्ट यांची पुस्तके वाचूनच घडली होती. चार्ल्स डार्विन यांनी विद्यार्थिदशेत हंबोल्ट यांचे प्रवासवर्णन वाचले आणि आपणही टेनेरिफला जावे, असा ध्यास घेतला. १८३१ साली बीगल जहाजावर जाताना ते पुस्तक त्यांच्यासोबत होते. १८७५ साली डार्विन यांनी कीटकभक्षी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी युरोपातील पिंग्विक्युलाच्या पानांवर केलेले प्रयोग आहेत. पानावर कीटक किंवा मांसाचा बारीक तुकडा ठेवला, की पानातून आम्लयुक्त रस पाझरे, कडा हळूहळू आत वळत आणि तो तुकडा विरघळू लागे. काचेचा तुकडा ठेवला तर तसा रस येत नसे. पान केवळ कीटकाला चिकटवून ठेवत नाही, तर पचवते, हे यावरून सिद्ध झाले. पानावर दोन प्रकारच्या सूक्ष्म ग्रंथी असतात. देठ असलेल्या ग्रंथींचा चिकट द्रव कीटकाला धरतो आणि पृष्ठभागालगतच्या ग्रंथींचा रस त्याला पचवतो.

दुसरे होते जोसेफ हूकर. तरुणपणी ते पॅरिसमध्ये हंबोल्ट यांना भेटले होते. हंबोल्ट यांना जो हिमालय पाहता आला नाही, तेथे हूकर १८४८ साली पोहोचले. हंबोल्ट यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे शोधणे, हाही त्या प्रवासाचा एक हेतू होता. पुढे ते आजच्या मेघालयातील खासी टेकड्यांत गेले. तेथील घटपर्णी ही भारतात आढळणारी एकमेव घटपर्णीची जात होय. तिचे शास्त्रीय वर्णन हूकर यांनीच १८७३ साली केले. घटपर्णीच्या कलशातील द्रव मांस पचवतो, हे दाखवणारे प्रयोगही त्यांनी पुढच्याच वर्षी विद्वानांसमोर मांडले.

आता एक प्रश्न उरतो. या वनस्पती अशा उतारांवरच का आढळतात? त्याचे उत्तर हंबोल्ट यांनी दाखवलेल्या नात्यात आहे. ज्वालामुखीच्या खडकात अनेक खनिजे असतात. पण वनस्पतींना अत्यावश्यक असलेला नायट्रोजन त्यात जवळजवळ नसतो. तीव्र उतारावर मातीचा थर साचत नाही आणि पाऊस पोषक द्रव्ये धुऊन नेतो. शेवाळाच्या ओल्या थरात पाणी आणि प्रकाश असतो, अन्न मात्र तुटपुंजे असते. अशा ठिकाणी ज्या रोपाला कीटकांच्या शरीरातून नायट्रोजन मिळवता येतो, तेच तग धरते. मोरानचे रोप तर ऋतूप्रमाणे वागते. पावसाळ्यात कीटक मुबलक असतात, तेव्हा त्याला मोठी, चिकट पाने येतात. कोरड्या हिवाळ्यात ती जाऊन लहान, जाड आणि कीटक न पकडणाऱ्या पानांचा गुच्छ उरतो. रोप समजून घ्यायचे, तर त्याचा उतार, खडक, पाऊस आणि ऋतू समजून घ्यावे लागतात.

हंबोल्ट यांच्या नोंदी आजही वापरात आहेत. २०१२ साली शास्त्रज्ञांचे एक पथक चिंबोराझोवर गेले आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या नोंदींशी त्यांनी आजच्या वनस्पतींची तुलना केली. वनस्पती पर्वतावर बऱ्याच वर सरकल्याचे त्यांना आढळले. हंबोल्ट यांच्या चित्रातील पुष्कळशा उंचावरील नोंदी प्रत्यक्षात आंतिसाना पर्वतावरील आहेत, हे २०१९ साली दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिले आणि हिशेब सुधारला. त्यानंतरही वनस्पती दोनशे मीटरांहून अधिक वर गेल्याचे दिसले. पृथ्वी तापत आहे आणि थंड हवेची झाडे शिखराकडे सरकत आहेत. शिखराच्या वर मात्र त्यांना जागा नाही.

हंबोल्ट यांना हवामानातील हा बदल ठाऊक असणे शक्य नव्हते, तसेच मोरानच्या रोपाचे रहस्यही त्यांना ठाऊक नव्हते. जे दिसले ते त्यांनी काळजीपूर्वक मोजले, जेथे दिसले ती जागा लिहून ठेवली आणि जे कळले ते सर्वांसाठी खुले केले. पुढील पिढ्यांनी नवे प्रश्न विचारले, तेव्हा उत्तरे शोधण्यासाठी त्या नोंदी त्यांच्या हाती होत्या.